प्रवेशपत्रातील शेवटची ओळ

(मंडळाच्या वार्षिक गुणगौरव समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गुणगौरवाच्या प्रसंगी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा चिटणीसांनी केली, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. १९७२ साली ती परीक्षा उतरलो, दोन वर्षे अध्यापक विद्यालयात काढली आणि पुढे ३८ वर्षे प्राथमिक शाळेतील खडूची धूळ अंगावर घेतली. महाविद्यालयाची पायरी विद्यार्थी म्हणून मी कधी चढलो नाही. तेव्हा महाविद्यालयात निघालेल्या मुलांस मी काय सांगावे? परंतु नकार देता देता एका गोष्टीची आठवण झाली. आणि ती आपणापुढे ठेवल्यावाचून मला सुटका नाही, असे वाटले. कारण त्या गोष्टीचा आरंभ आपल्या मंडळाच्या पत्रकातच झालेला आहे.

२०२३ सालच्या एप्रिलच्या पत्रकात पहिल्याच पानावर, चौकटीत, माझ्या नातवास अमेरिकेतील एका नामांकित विद्यापीठात अभियांत्रिकी शाखेत प्रवेश मिळाल्याचे वृत्त आपण वाचले असेल. ते वृत्त मीच दिले होते. पेढेही मीच वाटले. पुष्कळांनी दूरध्वनी करून अभिनंदन केले. कोणी घरी येऊन शाल दिली. वृत्त खोटे नव्हते. पण ते अपुरे होते. ज्या पत्राच्या आधारे मी ते दिले, त्या पत्राची शेवटची ओळ मी वाचली नव्हती. माझ्या चिरंजीवांनी ती वाचली होती, पण तिच्याकडे लक्ष दिले नव्हते. ज्याने ती वाचली, लक्षात ठेवली आणि जिच्यामुळे ज्याची झोप उडाली, असा घरात एकच जण होता. तो म्हणजे माझा नातू.

ही गोष्ट सांगण्यापूर्वी मी त्याची परवानगी घेतली आहे. तो म्हणाला, “आजोबा, सांगा. पण शेवट चांगला झाला एवढेच सांगू नका. मला डी मिळाली होती, हेही सांगा.”

ही डी म्हणजे काय, हे थोडे विस्ताराने सांगावे लागेल. आपल्याकडे बारावीचा निकाल लागतो आणि मग प्रवेशाची धावपळ सुरू होते. आधी गुण, मागून प्रवेश. तेथे क्रम निराळा आहे. बारावीचे वर्ष निम्मे सरण्याच्या सुमारास मुले अर्ज करतात. विद्यापीठापुढे असतात ते नववी, दहावी, अकरावीचे गुण आणि फार तर बारावीच्या पहिल्या सत्राचे. मार्चअखेरपर्यंत बहुतेक उत्तरे येतात. कोणते विद्यापीठ पत्करले हे बहुतेक ठिकाणी १ मेपर्यंत कळवायचे असते. शाळा मात्र मेअखेर किंवा जूनपर्यंत चालूच राहते. म्हणजे प्रवेश हाती आल्यावर शेवटचे सत्र उरते, आणि त्या सत्राचे अंतिम गुणपत्रक शाळा उन्हाळ्यात विद्यापीठाकडे पाठविते. म्हणून प्रवेशपत्राच्या अखेरीस एक ओळ असते. शब्द निरनिराळे असतात, पण भाव असा, की आपण शालेय शिक्षण समाधानकारकपणे व आजवरच्याच दर्जाने पूर्ण कराल या अटीवर हा प्रवेश दिला आहे.

कॅलिफोर्निया राज्याच्या विद्यापीठाने तर ही अट आकड्यांतच घातलेली आहे. बारावीत कोणत्याही आवश्यक विषयात सीपेक्षा खाली जावयाचे नाही. वर्षाची सरासरी चारपैकी तीन तरी राहिली पाहिजे. आणि गुणपत्रक १ जुलैपर्यंत रवाना झाले पाहिजे. अन्य विद्यापीठे इतक्या स्पष्टपणे लिहीत नाहीत, त्यामुळे मुलांचा घोर अधिकच वाढतो. सर्व विषयांत ए मिळविणाऱ्या मुलास एखादी बी मिळाली की तो रात्रभर तळमळतो. वास्तविक तेवढ्यावरून सहसा कोणी प्रवेश काढून घेत नाही. दोन-तीन विषय सीवर घसरले, तर खुलासा मागविणारे पत्र येऊ शकते. डी किंवा एफ म्हणजे नापास, ही मात्र खरी धोक्याची घंटा. विशेषतः ज्या शाखेत जावयाचे तिच्याच मूळ विषयात ती मिळाली असेल तर.

प्रवेश मिळाल्यावर मुले सैल पडतात, हे तेथे इतके रूढ आहे की त्यास रोगाच्या धर्तीवर ‘सीनियरायटिस’ असे विनोदी नावच पडले आहे. आमच्या घरी तो रोग आला होता आणि कोणास पत्ता नव्हता.

पत्रकातील ते वृत्त ताजे असतानाच मी चिरंजीवांकडे सहा महिन्यांसाठी गेलो. वेळेच्या फरकामुळे पहिले काही दिवस रात्री दोनला मला टक्क जाग येई. एके रात्री पाणी प्यावयास स्वयंपाकघरात गेलो, तो नातू अंधारात मोबाइल घेऊन बसलेला. अभ्यास करीत असेल, असे समजून मी माघारी फिरलो. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री मी त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसलो. मुलांच्या तोंडाकडे पाहण्यात माझा जन्म गेला आहे. वही हरवलेला मुलगा आणि वही लपविलेला मुलगा यांतला फरक मला कळतो. मी काहीच विचारले नाही. दूध गरम केले, दोन पेले भरले. पेला निम्मा झाल्यावर तो म्हणाला, “आजोबा, ते माझी ॲडमिशन काढून घेतील.”

त्याचे मराठी मोडकेतोडके आहे. पण त्या रात्री सारे मला नीट समजले. कॅल्क्युलस या विषयात त्याची श्रेणी बीवरून सीवर व सीवरून डीवर गेली होती. मुलांचे गुण पालकांस घरबसल्या संगणकावर पाहता येतील अशी सोय तेथील शाळांत असते. माझे चिरंजीव व सूनबाई तीन वर्षे दर शुक्रवारी ते पाहत असत. प्रवेश मिळाल्या दिवसापासून त्यांनी पाहणे सोडून दिले होते. मुलगा रोज रात्री विद्यापीठाचे पत्र आले काय, हे पाहत बसे. वस्तुतः अंतिम गुणपत्रक जाण्यास अजून महिनाभर अवकाश होता. येऊच न शकणाऱ्या पत्राची तो वाट पाहत होता.

मी विचारले, “बाबांना का नाही सांगितलेस?” तो म्हणाला, “तुम्ही तिकडे पेपरमध्ये छापलंय ना.”

बंधुभगिनींनो, या वाक्यास माझ्यापाशी उत्तर नव्हते. आपण पत्रक छापतो ते प्रेमाने. एका मुलाचे पाहून दुसऱ्यास हुरूप यावा, हा हेतू. परंतु त्या चौकटीचे दुसरे टोक कोठे जाऊन टोचते, हे मला ठाऊक नव्हते. सात समुद्रांपलीकडील स्वयंपाकघरात सतरा वर्षांचा एक मुलगा, ज्यांस त्याने कधी पाहिलेही नाही अशा तीनशे कुटुंबांच्या लाजेने झोपत नव्हता.

आता माझी चूक सांगतो. ती सांगण्यासाठीच मी उभा आहे. ३८ वर्षे मुलांस ‘खरे बोला’ असे फळ्यावर लिहून दाखविणाऱ्या मी त्या रात्री नातवास काय सांगितले? मी म्हणालो, “गप्प राहा. इतक्या हजारो मुलांची गुणपत्रके कोण तपासत बसणार? झाकली मूठ सव्वा लाखाची.”

त्याने मान हलविली. शाळेतील समुपदेशकांस तो आदल्याच आठवड्यात भेटला होता. गुणपत्रक शाळा पाठविणार म्हणजे पाठविणारच आणि विद्यापीठ ते पाहणारच, असे त्यांनी त्यास सांगितले होते. तेव्हा त्यांनी विचारण्यापूर्वी आपणच लिहावे, हा त्यांचा सल्ला होता. मुलाला तो पटला होता. धैर्य मात्र होत नव्हते.

तेव्हा मी दुसरी युक्ति सुचविली. हे सांगताना आजही मला मान वर करवत नाही. त्याची आजी, माझी पत्नी, आदल्या दिवाळीनंतर निवर्तली होती. मी म्हणालो, “मग असे लिही, की आजी गेली, त्या दुःखाने अभ्यासावरून लक्ष उडाले. ऐकून कोणाचेही मन द्रवेल.” तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “आजोबा, आजी गेली तेव्हा मला बी होती. मार्चनंतर मी अभ्यास केला नाही म्हणून डी आली. आजीमुळे नाही.”

मी उठून पेले विसळले. दुसरे काय करणार?

दुसऱ्या दिवशी त्याने आईवडिलांस सांगितले. चिरंजीवांचा आवाज चढला, सूनबाईंच्या डोळ्यांस पाणी आले. तासाभराने सारे शांत झाले. तासाभराच्या त्या वादळास तो महिनाभर भीत होता. मग रविवारी त्याने पत्र लिहिले. पत्र मोठे नव्हते. त्याने मला अर्थ समजावून सांगितला, तो माझ्या स्मरणात आहे तसा सांगतो, कारण कोणास उपयोगी पडेल. वसंत सत्रात कॅल्क्युलस या विषयात मला डी श्रेणी मिळण्याचा संभव आहे. आपल्या पत्रातील अटीत ही श्रेणी बसत नाही, हे मी जाणतो. प्रवेश मिळाल्यानंतर मी अभ्यासात ढिलाई केली. यास दुसरे कारण नाही. हाच विषय उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजात पुन्हा घेण्यासाठी मी नाव नोंदविले असून त्याचे गुणपत्रक ऑगस्टमध्ये पाठवीन. याखेरीज काही करणे आवश्यक असल्यास कळवावे.

बस. गयावया नाही, की आपल्या पूर्वीच्या पारितोषिकांची यादी नाही. कम्युनिटी कॉलेज म्हणजे तेथील स्थानिक स्वरूपाचे, अल्प शुल्काचे महाविद्यालय. उन्हाळ्याच्या सुटीतही तेथे सहा-आठ आठवड्यांचे वर्ग चालतात. पत्र लिहिण्यापूर्वी त्याने तेथे नाव नोंदविले होते, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ‘मी सुधारेन’ असे लिहिणे सोपे. ‘अमुक तारखेपासून वर्ग सुरू होत आहे’ असे लिहिण्यास आधी रांगेत उभे राहावे लागते.

त्याच्या पत्राच्या उत्तराची वाट पाहत असता चिरंजीवांनी मला २०१७ सालची एक हकीकत सांगितली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेने त्या उन्हाळ्यात, सत्र सुरू होण्यास दोनच महिने उरले असता, सुमारे ५०० मुलांचे प्रवेश काढून घेतले. कोणाचे शेवटच्या सत्रातील गुण घसरले होते, तर अनेकांचा दोष एवढाच, की गुणपत्रक मुदतीत पोचले नव्हते किंवा कागदांत काही उणीव होती. त्या वर्षी अपेक्षेपेक्षा सुमारे ८५० मुले जास्त आली होती, हेही उघडकीस आले. जागा पुरेशा असताना ज्या चुकीकडे कानाडोळा होतो, तीच चूक जागा अपुऱ्या पडल्या की नियमावर बोट ठेवून दाखविली जाते. मोठा गहजब झाला. कुलपतींनी जाहीर क्षमा मागितली आणि ज्यांचे गुण स्पष्टपणे अटीखाली गेले होते, ती मुले वगळून इतरांस प्रवेश परत दिला. राहिलेल्यांची प्रकरणे एकेक करून पाहिली गेली.

यातून मी दोन गोष्टी शिकलो. विद्यापीठाचे पत्र आले म्हणजे सर्व संपले, असे नाही. त्यावर दाद मागता येते. आणि दुसरी, आम्हा शिक्षकांस अधिक जवळची: कागद वेळेवर पाठविणे हाही अभ्यासाचाच भाग आहे. आपल्यापैकी ज्यांची मुले येथून परदेशी जाणार आहेत, त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. तेथील विद्यापीठ ज्या कागदाच्या आधारे परवान्यासाठी शिफारस करते, तो आय-ट्वेंटी प्रवेशाशी बांधलेला असतो. प्रवेश गेला की तो कागदही निरुपयोगी होतो. मग विमानाचे तिकीट आणि बँकेचे कर्ज यांचे काय होते, ते सांगावयास नको.

इंग्लंडात तर बहुतेक प्रवेश सशर्तच असतात. शेवटच्या परीक्षेत अमुक श्रेणी मिळाल्या तर जागा, नाही तर दुसऱ्या पसंतीचे विद्यापीठ, तेही नसेल तर उरलेल्या जागांचा बाजार. २०२० साली साथीमुळे परीक्षा झाल्या नाहीत, तेव्हा शिक्षकांनी दिलेल्या श्रेणींपैकी ४० टक्क्यांच्या आसपास श्रेणी गणिती सूत्राने खाली आणल्या गेल्या. मुले रस्त्यावर उतरली आणि चार दिवसांत सरकारला तो हिशेब मागे घ्यावा लागला. असो.

आपल्या घरीही हे नवे नाही. आय.आय.टी.ची प्रवेशपरीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण झालेल्या मुलासदेखील बारावीत ७५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांस ६५ टक्के, किंवा आपल्या मंडळाच्या परीक्षेत वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान, ही अट आहे. २०२० ते २०२२ या काळात ती शिथिल केली होती. २०२३ पासून पुन्हा लागू झाली. प्रवेशपरीक्षेच्या धुंदीत बारावीची पुस्तके बाजूला पडतात आणि मे महिन्यात घरात अचानक शांतता पसरते. अशा एका घरी मी गेलो आहे. मुलगा आतल्या खोलीत होता आणि बाहेर वडील मला म्हणत होते, “सध्या कोणास काही बोलू नका.” तेही झाकल्या मुठीचेच शास्त्र.

या शास्त्राचा उगम शोधता शोधता मला माझ्या नोकरीच्या सुरुवातीची एक गोष्ट आठवली. चौथीतील एका मुलाच्या प्रगतिपुस्तकावर पालकाचा अंगठा हवा होता. वडील मोलमजुरी करणारे, निरक्षर. पुस्तक परत आले, अंगठा होता; पण तो फार लहान होता. नऊ वर्षांच्या बोटाचा अंगठा आणि कुदळ धरणाऱ्या बापाचा अंगठा यांत फरक असतोच. मी तो ओळखला आणि काही न बोलता पुस्तक कपाटात ठेवले. त्यास मार बसू नये, ही दया त्यात होती. पण तो मुलगा वर्षभर माझ्या नजरेस नजर देत नसे. मी त्याला एकदा जवळ घेऊन ‘मला ठाऊक आहे’ एवढे म्हटले असते, तर त्याचे ओझे उतरले असते काय? चाळीसहून अधिक वर्षे झाली, मला ठरविता आलेले नाही.

नातवाच्या पत्रास दोन आठवड्यांनी उत्तर आले. प्रवेश तूर्त कायम आहे. उन्हाळी वर्गात सी किंवा अधिक श्रेणी मिळवून गुणपत्रक पाठवावे. पहिल्या सत्रात प्रगतीवर देखरेख राहील. ते पत्र त्याने मला दोनदा वाचून दाखविले. जून-जुलैत तो रोज सकाळी बसने त्या कॉलेजात जाई. वर्गात रात्रपाळी करून आलेली, चाळिशी उलटलेली माणसे असत. त्यांच्या शेजारी बसून तो गणिते सोडवी. घरी आल्यावर एकदा म्हणाला, “ते लोक इथे पैसे देऊन, झोप मोडून शिकतात, आजोबा. मी फुकट मिळालं ते झोपून घालवलं.” त्यास बी मिळाली. सप्टेंबरात तो विद्यापीठात दाखल झाला. उत्तर निराळे आले असते, तर तो कम्युनिटी कॉलेजातच दोन वर्षे काढून मग बदली घेणार होता. तोही मार्ग त्याने आधीच विचारून ठेवला होता आणि त्या मार्गाने तेथे पुष्कळ मुले जातात. हे मी मुद्दाम सांगतो, कारण अशा प्रत्येक पत्रास दयाळू उत्तर येतेच, असा समज मला करून द्यावयाचा नाही.

आता मंडळापुढे माझ्या दोन सूचना आहेत. अध्यक्षमहाराजांनी त्या कार्यकारिणीपुढे ठेवाव्यात. पहिली, परदेशातील किंवा सशर्त प्रवेशाचे वृत्त पत्रकात एप्रिलमध्ये छापू नये. मुलगा वा मुलगी प्रत्यक्ष दाखल झाल्यावर, ऑक्टोबरच्या अंकात छापावे. पेढे सहा महिन्यांनी खाल्ले म्हणून त्यांची गोडी कमी होत नाही. दुसरी सूचना आपल्या शिक्षणनिधीसंबंधी. प्रवेशपत्र दाखविले की आपण कर्जाऊ शिष्यवृत्ती मंजूर करतो, आणि प्रवेश रद्द झाल्यास ती आपोआप रद्द होते, असा नियम आहे. तो बदलून, प्रवेश गेल्यास सहा महिन्यांत दुसऱ्या संस्थेत नाव नोंदविले तर तीच रक्कम तेथे वर्ग करावी. ज्या मुलाचे एक दार बंद झाले, त्याच्या तोंडावर दुसरे दार आपण का बंद करावे? या नियमाचा मसुदा करणाऱ्या समितीत मीही होतो. म्हणजे दोष इतरांस देत नाही.

आणि पालकांस एक विनंती. प्रवेशपत्र आले की घरातील सर्वांनी एकत्र बसून ते शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचावे, आणि त्याचा मराठीत अर्थ मुलाकडूनच वदवून घ्यावा.

आज या सभागृहात पुढच्या रांगेत ज्यांचा सत्कार होणार ती मुले बसली आहेत. त्यांचे मनापासून अभिनंदन. मागच्या रांगांतही मुले आहेत. त्यांच्यापैकी कोणाच्या खिशात असे एखादे पत्र असेल, आणि घरी सांगण्याचा धीर होत नसेल, तर मंडळाच्या कार्यालयात माझा पत्ता आहे. सायंकाळी पाचनंतर मी घरीच असतो. येताना पत्र बरोबर आणावे. माझे इंग्रजी बेताचेच आहे. पण दोघांनी मिळून वाचले तर लागेल. चहाऐवजी दूध मिळेल.